पदरच्या अकरा रात्री

५ जानेवारी

ती. बाबा,

नमस्कार. फोनवर माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही "हो हो" म्हणून सोडून देता, म्हणून हे पत्र. शिवाय गोष्ट कामाची आहे, आणि कामाचं बोलणं लेखी असावं हे तुमचंच म्हणणं.

मला तुमच्या वह्या हव्या आहेत. डोंगरावरच्या वेधशाळेत तुम्ही निरीक्षक होता तेव्हाच्या, छोट्या दुर्बिणीवरच्या. तिथल्या तुमच्या साहेबांनी ज्या दीर्घिकेवर नाव कमावलं तिचंच काम माझ्या वाट्याला आलं आहे. तिच्या मधल्या ठिपक्याला तुम्ही घरात "ठिणगी" म्हणायचात, असं तुमच्या लेकानं मला लग्नाआधी सांगितलं होतं. मी या विषयात पडले त्याला तेही एक कारण आहे, हे त्याला अजून माहीत नाही.

आईंनाही कळेल असं सांगते. ठिणगी म्हणजे एका अजस्र कृष्णविवराभोवती तापलेल्या पदार्थाचा उजेड. तो एकसारखा नसतो, कमीजास्त होत राहतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला वायू आहे. हे सगळं आपल्यापासून इतकं लांब आहे, की जवळजवळ कुठल्याच दुर्बिणीतून तो ठिणगीपासून वेगळा दिसत नाही. पण ठिणगी भडकली की काही दिवसांनी हा वायूही उजळतो. किती दिवसांनी, ते मोजायचं. तेवढे दिवस उजेडाला तिथवर पोचायला लागले, म्हणजे वायू ठिणगीपासून तेवढा लांब. आणि वायूचा आपल्याकडे येणारा भाग आधी उजळला की आपल्यापासून लांब जाणारा, यावरून तो आत पडतो आहे, बाहेर फेकला जातो आहे की गोल फिरतो आहे, हेही सांगता येतं.

वायूचा उजेड मोठ्या दुर्बिणीवर फोटोच्या काचांवर टिपलेला आहे. त्या काचा मला तळघरात सापडल्या. साहेबांनी वापरल्या त्या तर आहेतच, पण पुढच्या तीन हंगामांच्याही आहेत, आणि त्यांच्यावरची दोरीसुद्धा कुणी सोडलेली नाही! आता ठिणगीची रोजची नोंद मिळाली की झालं, आणि ती जगात फक्त तुमच्याकडे आहे.

तुमची सून


१६ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

पत्र पोचलं. ही वाचून दाखवत होती आणि मी दोनदा ऐकलं. माझे डोळे आता नावालाच आहेत, तेव्हा सांगणार मी आणि लिहिणार ही. (लिहिणारीला कुणी विचारलेलं नाही. — लेखनिक)

वह्या चौदा आहेत. उद्या पार्सलनं निघतील. एकही पान फाटलेलं नाही. (चार वह्यांना कव्हरं मी शिवली आहेत, पडद्याच्या कापडाची. हसू नकोस.)

पद्धत सांगतो. यंत्रबिंत काही नव्हतं. ठिणगीच्या शेजारी एक तारा आहे. डोळा लावायचा आणि ठिणगी त्या ताऱ्यापेक्षा किती उजळ, किती मंद, ते नजरेनं ठरवून आकडा लिहायचा. रात्री तीन वेळा बघायचं आणि सरासरी काढायची. साहेब म्हणायचे, "मोठी दुर्बीण मी पैसे मागून उभी केली. तुमचा डोळा मात्र मला फुकट मिळाला." त्यांनी लेखाच्या शेवटी माझे आभार मानले, तेही पूर्ण नावानिशी. आमच्या बैठकीत ते पान तू पाहिलं आहेस. (येईल त्याला दाखवतात. मीटरवाल्यालाही दाखवलं.)

वायू एकोणीस दिवसांनी उजळतो आणि तो आत पडतो आहे, हे साहेबांनी जगाला सांगितलं ते याच वह्यांवरून. तुला काय निघतं ते कळव. इतक्या वर्षांनी घरातलंच माणूस त्या वह्या उघडणार, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. (एवढं सांगून तांब्या मागितला. पाणी दिलं.)

तुझे,
बाबा


२ मार्च

ती. बाबा,

वह्या मिळाल्या. काय अक्षर आहे तुमचं! आमच्या खोलीतले सगळे येऊन बघून गेले. सगळे आकडे संगणकात घातले. सहा आठवडे त्यातच गेले, म्हणून पत्राला उशीर.

एक गंमत सापडली. तुम्ही ज्या शेजारच्या ताऱ्याशी ठिणगी ताडून बघत होता, तो तारा साधा नाही. ते दोन तारे आहेत आणि जवळजवळ दर तीन दिवसांनी एक दुसऱ्याच्या आड जातो. तेव्हा त्यांचा उजेड काही तास उतरतो. हे अलीकडे कळलं, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे तो तारा मंदावला असेल त्या रात्री ठिणगी उगीचच उजळ वाटते. तुमच्या वह्यांत हे स्वच्छ दिसतं. दर तिसऱ्या रात्री आकडा टुणकन उडी मारतो. ही तुमची चूक नाही. तुम्ही दिसलं तेच लिहिलं, याचा तो पुरावा आहे.

फक्त एक विचारायचं होतं. पाचव्या वहीत मार्चमध्ये सलग अकरा रात्री ही उडी नाही. हिशेबानं तो तारा त्या दिवसांत चार वेळा मंदावला असणार, आणि तुमची बघायची वेळ त्यात बरोबर सापडते. पण आकडे अगदी गुळगुळीत आहेत. ठिणगी हळूहळू उतरते आणि हळूहळू चढते. त्यानंतर काही कोरी पानं आहेत आणि मग उड्या पुन्हा सुरू होतात.

त्या दिवसांत दुसऱ्या एखाद्या ताऱ्याशी तुलना केली होती का? काही वेगळं केलं असेल तर आठवून कळवा. विचारते अशासाठी, की साहेबांचे एकोणीस दिवस याच उतरण्या-चढण्यावर उभे आहेत.

आईंना नमस्कार. पडद्याच्या कव्हरांना कुणीही हसलं नाही.

तुमची सून


११ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तू विचारलेल्या दिवसांत आभाळ पातळ ढगांनी झाकलेलं होतं. अशा वेळी बारीक फरक कळत नाही. आकडे अंदाजाने जुळवून घ्यावे लागतात. त्यात विशेष काही नाही. चौदा वह्यांतल्या अकरा ओळींवर इतकं अडून बसू नये. साहेबांसारख्या माणसाने ते तपासून घेतलेलं आहे.

माझी प्रकृती ठीक आहे.

बाबा

(याच पानाच्या मागे)

सूनबाई, पुढच्या बाजूचं त्यांनी सांगितलं तसंच मी लिहिलं. लेखनिकाचं काम तेवढंच. पण ते खरं नाही.

त्या मार्चमध्ये ढग नव्हते. डोंगरावरची टाकी तळाला गेली होती, पाण्याची गाडी चार दिवसांनी एकदा यायची, आणि मी रोज संध्याकाळी पायरीवर उभी राहून एक तरी ढग दिसतो का बघत होते. बोटाएवढासुद्धा दिसला नाही.

का खोटं सांगतात ते मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, "तू लिही." पन्नास वर्षांच्या संसारात मला असं बोलले नव्हते.

आई


२० मार्च

ती. बाबा,

मी हे पत्र तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा फाडणार नाही.

ढग नव्हते. खालच्या गावातल्या हवामान केंद्राचे जुने तक्ते मी मागवून पाहिले. अकराच्या अकरा रात्री आभाळ निरभ्र होतं. बाबा, ते आकडे पाहून लिहिलेले नाहीत. ते मनचे आहेत. हे मला लिहावं लागतं आहे याचा मला किती त्रास होतो आहे, ते तुम्हाला कळणार नाही.

त्या रात्री तुम्ही दुर्बिणीवर नव्हतात का? मग कुठे होतात? मी घरी विषय काढला तर तुमचा लेक म्हणाला, डोंगरावर थंडीच्या नावाखाली बरेच जण प्यायचे. पुढे म्हणाला, असेलही, पण आता म्हाताऱ्या माणसाला कशाला उघडं पाडतेस? कोण बघतंय तुझ्या अकरा ओळी? मी म्हटलं, मी बघते आहे ना! तेव्हापासून घरात धुसफूस आहे.

तो कोणाच्या बाजूने बोलतो ते मला समजतं. पण साहेबांचा तो लेख आजही शिकवला जातो. मुलं त्यावर प्रबंध लिहितात. आत पडणारा वायू तुमच्या अकरा ओळींमधून पडला असेल, तर मी ते माहीत असून गप्प बसू? माझा लेख एप्रिलअखेर जायचा होता. मी तो थांबवला आहे.

प्यायला असाल तर तसं सांगा. मी कमी लेखणार नाही. पण ढगांवर ढकलू नका.

तुमची सून


६ मे

सूनबाई,

दीड महिना उत्तर दिलं नाही, कारण सांगायचं तर हिच्याच हातानं सांगावं लागणार होतं. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायची लाज वाटली, आणि हिच्याकडून लिहून घ्यायची त्याहून जास्त.

मी कधी प्यायलो नाही. मी त्या अकराही रात्री दुर्बिणीवरच होतो. घुमट उघडला, दुर्बीण लावली, तीनतीनदा डोळा लावला. मला ठिणगी दिसली नाही.

पहिल्या रात्री वाटलं भिंगावर दव आहे. तीनदा पुसलं. मग खालचे दिवे बघितले, तर उजव्या डोळ्याच्या खालच्या बाजूनं काळा पडदा वर आला होता. डावा डोळा लहानपणापासूनच अधू. तो मी नोकरीच्या अर्जात लपवला होता. ठिणगी आदल्या दिवसांत उतरत होती, म्हणून आदल्या आकड्याहून किंचित मंद असा आकडा लिहिला. म्हटलं, उद्या दिसेल. उद्या दिसलं नाही. आणखी किंचित मंद लिहिला. पाच-सहा रात्रींनी भीती वाटली, की फारच उतरली तर साहेब स्वतः बघायला येतील. म्हणून हळूहळू चढवत आणली.

आमचं घर नोकरीचं होतं आणि नोकरी डोळ्याची होती. तुझा नवरा तीन वर्षांचा होता.

मग एका सकाळी मी कपाच्या बाहेर चहा ओतला आणि हिला कळलं. डोळ्याचं मी सगळं सांगितलं. आकड्यांचं सांगितलं नाही.

(इथवर लिहून मी पेन खाली ठेवला. मला वाटत होतं, डोळा गेला एवढंच आम्ही दोघांनी मिळून झाकलं. आतमध्ये आणखी एक झाकण होतं ते मला आत्ता, लिहिता लिहिता कळतंय. बाकीचं उद्या.)

७ मे

ही काल जेवली नाही. आज म्हणाली, "सांगा, लिहिते. पण अर्धवट सांगितलंत तर तुमची दौत न् तुम्ही."

तर पुढचं असं. ही शिवणकाम करायची. कापड बघून दोऱ्याची छटा हुडकायची, तीही रॉकेलच्या दिव्यात. म्हणाली, "मी बघते. दोऱ्यातला फरक कळतो, ताऱ्यातला का नाही कळणार?" मी म्हटलं, वेडी आहेस. चार रात्री शिकण्यात गेल्या, त्या तू म्हणतेस ती कोरी पानं. पाचव्या रात्रीपासून हिनं आकडा सांगायचा आणि मी लिहायचा. दोघंही रोज वर जायचो. पोराला खोक्यात गोधडी घालून तिथेच निजवायचो. कुणी विचारलं तर म्हणायचं, एकटीला घरी भीती वाटते. पुढे स्वयंचलित यंत्र आलं आणि मला भांडारात बसवलं, तोवर हे चाललं.

पाचव्या वहीच्या मध्यापासून चौदाव्या वहीच्या शेवटापर्यंत एकही आकडा माझा नाही. अक्षर माझं आहे, तेवढंच.

लेख छापून आला तेव्हा साहेब जागेवरून उठून माझ्याकडे आले. म्हणाले, "ऐन मोक्याला ठिणगी मंदावली आणि तुम्ही एक रात्र चुकवली नाहीत." त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. बाहेर आलं ते "आपली कृपा".

आता तू ठरव.

बाबा


१९ मे

ती. बाबा आणि ती. आई,

दोघांची क्षमा मागते. बाबांना मी काय काय म्हटलं! आणि आई, तुमच्याबद्दल मनात जे होतं ते तर कधी बोललेही नाही. मला वाटायचं तुम्हाला या सगळ्याचा कंटाळा आहे. मी आकाशाचं काही बोलायला लागले की तुम्ही उठून कपडे वाळत घालायला जायचात.

तुमचं पत्र आल्यावर मी वह्या दोन भागांत विभागल्या, एक बाबांचा आणि एक आईंचा. खरं तर हे मला आधीच दिसायला हवं होतं. पाचव्या वहीनंतर आकड्यांतली डळमळ निम्म्यानं कमी होते. मी समजत होते, बाबांचा हात बसला.

बाबांच्या अकरा रात्री काढल्या की साहेबांचे एकोणीस दिवस कोसळतात. उरतं त्यातून काहीच ठरत नाही. पण आईंच्या नोंदी तळघरातल्या त्या न उघडलेल्या काचांशी जुळवल्या आणि उत्तर आलं. शेजारच्या ताऱ्याची खोडी वजा केली, दहा वेगवेगळ्या तऱ्हांनी करून पाहिलं, तेच येतं. नऊ दिवस. आणि येणारा भाग नि जाणारा भाग दोन्ही बरोबरच उजळतात. म्हणजे वायू आत पडत नाही. तो फिरतो आहे.

आई, तुमच्या दोनशे अठ्ठ्याण्णव रात्री आहेत. तारा मंदावायचा तेव्हा प्रत्येक वेळी तुम्ही ती उडी पकडली आहे. एकाही रात्रीवर बोट ठेवायला जागा नाही. लेखात निरीक्षक म्हणून तुमचं नाव घालायचं आहे. आभारात नाही, वर, माझ्या नावाशेजारी.

पण ते घालायचं तर अकरा रात्रींचंही लिहावं लागेल. बाबा, मी ते लिहिणारच आहे. तुमची परवानगी मागते आहे असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण तुम्ही "लिही" म्हणालात तर मला लिहिणं सोपं जाईल.

इकडे तुमचा लेक माझ्याशी बोलत नाही. सगळं सांगितल्यावर तो इतकंच म्हणाला, "एक पान होतं त्यांच्याकडे. तेही काढून घे." एका टेबलाशी बसून जेवतो आणि मीठसुद्धा हात लांब करून ज्याचं त्याने घ्यायचं. शनिवारी तुमच्याकडे येणार आहे म्हणे. तो तुमच्यावर चिडला नसून माझ्यावर चिडला आहे, एवढं लक्षात ठेवा.

तुमची सून


३० मे

सूनबाई,

लिही.

एक अट आहे. पोरगा तुझ्या मसुद्याचं पान घेऊन आला होता. त्यात तू "या रात्रींच्या नोंदी विश्वसनीय वाटत नाहीत" असं लिहिलं आहेस. मला वाचवू बघते आहेस ते कळलं. तसं लिहू नकोस. वाचणाऱ्याला वाटेल दुर्बिणीत बिघाड होता किंवा हवा वाईट होती. "निरीक्षकाने या नोंदी न पाहता केल्या, असं त्याने स्वतः कळवलं आहे" असं लिही. माझं नाव लिही. आभार मानताना होतं तसंच, पूर्ण.

पोरगा भांडला. "बाबा, तुम्ही नाही म्हणा, म्हणजे ती थांबेल," म्हणाला. मी म्हटलं, "नाही म्हणायची वेळ पंचेचाळीस वर्षांपूर्वी होती." तो भिंतीवरचं पान बघत बसला. जाताना मी ते काढायला सांगितलं, तर त्यानं हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी हिनं स्टुलावर चढून काढलं.

ही माझ्याशी बोलत नाही. पत्र सांगताना तेवढी "पुढे?" म्हणते.

(लेखात माझं नाव नको. लोक विचारतील, ही कोण, कुठे शिकली. मी दोरे जुळवणारी बाई. उगाच तुझं हसं होईल. — लेखनिक)

बाबा


१४ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद.

हे पत्र माझं आहे. कुणी सांगितलेलं नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला गेले तीन आठवडे झोपू देत नाही. "एकाही रात्रीवर बोट ठेवायला जागा नाही." जागा आहे. तुला ती सापडणार नाही, कारण त्या रात्री तो शेजारचा तारा नीट होता आणि मी फेकलेला आकडा नेमका बसून गेला.

सातव्या वहीत बघ. साहेबांनी लेख छापून आल्याबद्दल सगळ्यांना चहाला बोलावलं होतं, त्याच दिवसाची रात्र आहे. तारीख ह्यांनी वर लिहिली असेल. मी त्या चहाला ट्रे धरून उभी होते. माणसं कमी होती म्हणून बायकांना वाढायला घेतलं होतं. साहेब ह्यांचा हात धरून म्हणाले, हा डोळा नसता तर काय झालं असतं! आणि ह्यांनी मान खाली घातली. तोवर मी साठेक रात्री थंडीत उभी राहून आकडे सांगितले होते. पापण्यांना दव धरायचं. मला बढती नको होती, बक्षीस नको होतं. ह्यांनी एकदा वर बघून माझ्याकडे नजर टाकली असती, तरी चाललं असतं. ते कपाकडे बघत राहिले. तेव्हा वाटलं लाज वाटते म्हणून. का बघत राहिले ते आता मला कळतं, पण तेव्हा कुठे माहीत होतं?

त्या रात्री वर गेले. दुर्बिणीला डोळा लावला आणि मिटून घेतला. तिन्ही वेळा. तोंडाला आला तो आकडा सांगितला. ह्यांनी लिहून घेतला.

तुला लिहायच्या आधी हे ह्यांना सांगायला हवं होतं. काल दुपारी सांगितलं. खिडकीशी बसले होते. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाले,

"एवढा राग आला होता?"

"हो."

"मग दुसऱ्या रात्री परत का आलीस? नसतीस आली तर मला काय करता आलं असतं?"

"तुमच्यासाठी नाही आले."

"मग?"

"दिवसभर चुटपुट लागली होती. एक रात्र पाहिलं नव्हतं ना. ठिणगी चढली का उतरली कळेना. ते बघायला आले."

ते हसले. सूनबाई, तुझं मार्चचं पत्र आल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं. मग तोंडावर हात घेतला आणि रडले. मी उठून गेले नाही. शेजारी बसले. त्यांच्याशी बोलले असं म्हणणार नाही. अजून फार राग आहे, आणि तो एका दुपारीत जायचा नाही. माझ्याशी लपवलं म्हणून तर आहेच, पण माझ्या तेवढ्या खऱ्या आकड्यांना आपल्या खोट्याच्या शेपटीला बांधलं म्हणून जास्त आहे. पण संध्याकाळी दोन कप चहा केला.

पोरगा परवा फोनवर होता. त्याला विचारलं, खोक्यात झोपायचास ते आठवतं का. म्हणाला, नाही, पण तू अंधारात आकडे म्हणतेस असं स्वप्न मला कॉलेजात असेपर्यंत पडायचं, मला वाटायचं पाढे आहेत. तुझ्याकडे आला आणि बोलला तर आधी ऐकून घे. लगेच बरोबर-चूक काढायला जाऊ नकोस, ती तुझी खोड आहे. नाही बोलला तर मला कळव.

नावाचं. मी नको म्हटलं होतं ते मागे घेते. लोक विचारतील ही कोण, तर सांग शिवणकाम करायची. पूर्ण नाव घाल, आणि ह्यांच्या नावाच्या खाली नको, वेगळ्या ओळीवर.

ती एक रात्र काढून टाक. खोट्या अकरा नाहीत, बारा आहेत, आणि बारावी माझी आहे, असंच लिही. बाकीच्या दोनशे सत्त्याण्णव मी पाहिलेल्या आहेत. त्यांच्याबद्दल कुणी शंका घेतली, तर त्याला माझ्याकडे पाठव.

तुझी,
आई